चौकोनातली चिठ्ठी

मी रागीट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको. एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे आणि मुलं माझ्यामागे मला ‘शांतता मॅडम’ म्हणतात, कारण दिवसातून वीसदा मी तेवढा एकच शब्द ओरडते. पण ही गोष्ट माझी नाही, आमच्या काकांची आहे. काकांवर कुणी कधी रागावल्याचं ऐकिवात नाही. मीसुद्धा एकदाच रागावले, ते पुढे येईलच.

काका म्हणजे आमचे काउंटरवरचे मदतनीस. एकतीस वर्षं त्याच एका स्टुलावर. स्टुलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी; ती घडी दर वर्षी बदलायची आणि बदलताना मला दाखवायची, हा त्यांचा नेम. कानावर पेन्सिल, गळ्यात दोरीला चष्मा. माझ्यापेक्षा सहाच वर्षांनी मोठे, पण पहिल्या दिवशी मी ‘काका’ म्हटलं ते म्हटलंच.

त्यांची कामाची रीत अशी. काउंटरला काच, काचेखाली चार बोटांची फट. पोरांनी चिठ्ठी लिहून फटीतून सरकवायची, काकांनी आतल्या कपाटांतून पुस्तक आणून द्यायचं. नियमाप्रमाणे चिठ्ठीवर पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, क्रमांक लिहायला हवा. कसलं काय! पोरं लिहायची, ‘काका, निळं जाड.’ ‘काका, ते मिशीवाल्या सरांनी सांगितलेलं.’ ‘काका, परवा त्या उंच मुलीने नेलेलं.’ काका चिठ्ठी वाचायचे, ‘हं’ म्हणायचे आणि दोन मिनिटांत बरोबर तेच पुस्तक घेऊन हजर. मी कपाळावर हात मारायचे. क्रमांक द्यायला आम्ही वर्षानुवर्षं खपलो, आणि इथे सगळा कारभार रंगांवर चाललेला.

पोरांची नावंही त्यांना ठाऊक नसायची. त्यांच्या लेखी ती सगळी जागांवरून ओळखायची: पंख्याखालचा, खांबाआडची, खिडकीतली. एकदा मी म्हटलं, “अहो, एवढी वर्षं झाली, नाव विचारायला काय जातं तुमचं?”

“नाव विचारलं की पोरं घाबरतात, मॅडम. तक्रार करायचीय असं वाटतं त्यांना,” काका म्हणाले.

काका आठवीपर्यंत शिकले. हे मला कळलं ते चहा पिताना, त्यांनी सहज सांगितलं म्हणून. त्यांचे वडील कामावर पडले, कमरेतून अधू झाले आणि घरात माणूस हवं म्हणून हे शाळेतून एक महिन्यासाठी घरी राहिले. तो महिना काही संपला नाही. “मी रोज दाराकडे बघायचो,” काका म्हणाले. “कुणी मास्तर येईल, ‘काय रे, का येत नाहीस’ विचारेल. नुसतं विचारलं असतं ना, तरी गेलो असतो मी.” एवढं बोलून त्यांनी कप विसळला आणि फटीत आलेली चिठ्ठी उचलली. माझा चहा मात्र कपातच राहिला.

तर, आमचं ग्रंथालय ऑनलाइन झालं. दोन वर्षं मी एकेचाळीस हजार पुस्तकांच्या नोंदी घातल्या. पूर्ण शीर्षक, लेखकाचं आडनाव आधी, विषय, उपविषय, सगळं नियमाला धरून. डोळ्यांचा नंबर वाढला, मान धरली. त्यात ई-पुस्तकं आली, अकरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आल्या, नियतकालिकं आली, घरबसल्या पुस्तकाची मुदत वाढवायची सोय आली. उद्घाटनाला प्राचार्यांनी माउसला बांधलेली रिबीन कापली. त्या घाईत माउसची वायरच कापायचे, मी हात धरला म्हणून वाचली! मग मी पडद्यावर सेहेचाळीस पानं दाखवून सगळं समजावून सांगितलं. पहिल्या रांगेतला मुलगा घोरत होता.

कार्यक्रम संपल्यावर पोरांचा घोळका सवयीने गेला काउंटरवर. “काका, हे काय आहे हो सगळं?”

“अरे काही नाही,” काका म्हणाले, “फोनवर आपलं पान उघडायचं, वरती एक चौकोन आहे त्यात लिहायचं. आपली चिठ्ठी लिहिता ना, तश्शीच. आम्ही आहोतच की.”

मी हे ऐकलं. ऐकून हसलेसुद्धा. तेव्हाच त्यांना टोकायला हवं होतं, पण माझंही डोकं चाललं नाही.

दोन महिन्यांनी प्राचार्यांनी बोलावलं. “एवढा खटाटोप केलात, पण मुलं वापरत का नाहीत?” माझ्या डोक्यात तिडीक गेली. आळशी आहेत मेली, दुसरं काय! सॉफ्टवेअरवाल्या बाईंना फोन लावला, त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “शून्य निकालांची यादी बघितलीत का, मॅडम?”

कुणी काही शोधलं आणि काहीच सापडलं नाही, की ते शब्द एका यादीत जाऊन पडतात. कुणी शोधलं ते कळत नाही. तारीख, वेळ आणि शब्द, बस्स. मी यादी छापून घेतली. चौतीस पानं निघाली! म्हणजे मुलं वापरत होती की. पण काय लिहीत होती? ‘काका निळं जाड.’ ‘काका मिशीवाले सर.’ ‘काका मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका द्या ना.’

आता आमच्या शोधाचा नियम असा, की लिहिलेला प्रत्येक शब्द नोंदीत सापडला पाहिजे. नुसतं ‘प्रश्नपत्रिका’ लिहिलं असतं तर अकरा वर्षांचा ढीग समोर आला असता. पण माझ्या एकेचाळीस हजार नोंदींत ‘काका’ कुठून असणार? पोरांनी आदराने हाक मारली आणि तिथेच सगळं घोडं अडलं.

मी तणतणत काउंटरवर गेले आणि तो गठ्ठा त्यांच्यापुढे आपटला. “बघा! तुम्हीच सांगितलंत ना, चिठ्ठी लिहा म्हणून? दोन वर्षांच्या कामावर पाणी फिरवलंत माझ्या!” वाचनकक्षातली झाडून सगळी पोरं बघायला लागली. शांतता मॅडम ओरडत होत्या आणि त्यांना ‘शांतता’ म्हणायला कुणी नव्हतं.

काकांनी चष्मा लावला, पेन्सिल काढली, पहिलं पान पुढे ओढलं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. “हे सोपं आहे, मॅडम. हे सांख्यिकीचं, तिसरं कपाट. हे मिशीवाले सर म्हणजे अर्थशास्त्राचे, गेल्या वर्षी मिशी काढली त्यांनी, तरी पोरं अजून...” प्रत्येक ओळीपुढे ते पुस्तकाचं नाव लिहीत गेले. मी उभी होते ती स्टूल ओढून बसले. तासाभरात सहा पानं झाली. या खुणा नोंदींमध्ये घातल्या तर, असा विचार आला आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला.

एकोणिसाव्या पानावर मात्र काका थांबले. पेन्सिल पुन्हा कानावर गेली, पुढची पानं त्यांनी भराभर चाळली.

“काय झालं?”

“हे सगळं एकाच पोरीचं आहे.”

मी ते पान आणि पुढची पानं घेतली. मधल्या इतर ओळी सोडल्या तर वेळ रोज तीच, दुपारचे सव्वादोन, पाच-सात मिनिटं इकडेतिकडे.

‘काका सांख्यिकीचं निळं जाड, खिडकीजवळच्या कपाटातलं.’ शून्य निकाल.

‘काका मी खिडकीत बसते ती. आईचा पाय मोडलाय म्हणून येता येत नाही.’ शून्य निकाल.

‘काका पुस्तक नाही तर निदान जुन्या प्रश्नपत्रिका.’ शून्य निकाल.

‘काका रागावलात का. माझ्याकडचं पुस्तक परत करायचं राहिलंय, आई चालायला लागली की आणून देते.’ शून्य निकाल.

‘काका आहात ना.’ शून्य निकाल.

एकोणीस दिवस. शेवटची ओळ आदल्या दिवशीची, सोमवारची: ‘काका परीक्षेचा फॉर्म शुक्रवारपर्यंतच आहे. अभ्यास झाला नाही आणि पुस्तकही बाकी आहे. नाही भरत आता.’ शून्य निकाल.

 ते निळं जाड पुस्तक ई-पुस्तक म्हणून आमच्याकडे होतं हो! तिच्या हातातल्या फोनमध्ये, एका बोटाच्या अंतरावर. मुदत घरून वाढवता येत होती. सगळं होतं. आणि ती पोर एकोणीस दिवस एका चौकोनाशी बोलत होती, आणि तो चौकोन दर वेळी तिला शून्य म्हणत होता.

काकांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. “मीच सांगितलं होतं, आम्ही आहोतच म्हणून,” ते म्हणाले. “ती विचारत राहिली आणि मी इथे स्टुलाला पुठ्ठा लावत बसलो.”

“नाव सांगा. मी आत्ता फोन लावते.”

“नाव...” काका माझ्याकडे बघत राहिले. “मी नाव कुठे विचारतो, मॅडम?”

मुदत उलटलेल्यांची यादी काढली, दोनशे बारा नावं. त्यातल्या मुलीच एकशे तीस. मी फोन लावत सुटले. पाच-सहा बंद, दोघींनी पुस्तक हरवल्याचं रडत कबूल केलं, एका आईने ‘आधी तुमच्या कॉलेजातले पंखे दुरुस्त करा’ म्हणून मलाच फैलावर घेतलं. संध्याकाळपर्यंत नाकी नऊ आले. खिडकीतली काही सापडली नाही. दोन खिडक्या, तीन पाळ्या, काय डोंबल सापडणार!

बुधवारी सकाळी सॉफ्टवेअरवाल्या बाई म्हणाल्या, “सोपं आहे. ‘काका’ हा शब्द शोधातून गाळून टाकू. मग बाकीच्या शब्दांवर पुस्तकं सापडतील.” मला पटलं. काकांना सांगितलं, तर त्यांनी नकाराची मान हलवली.

“त्याने पुढच्या पोरांना पुस्तक मिळेल. चांगलंच आहे. पण ही आता पुस्तक मागणारच नाहीये, मॅडम. ‘नाही भरत’ म्हणालीय. तिला उत्तर द्यायला पाहिजे, आणि ती मला विचारतेय.”

“अहो पण उत्तर देणार कुठून? त्या चौकोनातून फक्त पुस्तकाची नोंद बाहेर येते. दुसरं काही येत नाही.”

“मग माझी नोंद करा.”

मी हसायला लागले, मग हसू थांबलं. मी चोवीस वर्षं नोंदी करतेय. चुकीच्या स्वल्पविरामासाठी मी माणसं रडवली आहेत. आणि आता एका जिवंत माणसाला यादीत घालायचं? कुणाला कळलं तर माझी शोभा व्हायची. पण ती ‘आहात ना’ची ओळ काही डोळ्यांसमोरून हलेना. मी दार लावून घेतलं आणि नवी नोंद उघडली.

“शीर्षक?”

“काका.”

“लेखक?”

“आईबाप लिहा.”

“आवृत्ती?”

“पहिलीच. आणि एकच प्रत आहे, सांभाळून हाताळा म्हणावं.”

स्थान: काउंटरमागचं स्टूल. स्थिती: उपलब्ध. टीप या रकान्यात काकांनी सांगितलं तसं लिहिलं: ‘चिठ्ठ्या आता मिळाल्या. रागावलो नाही. निळं पुस्तक इथेच आहे, खालच्या दुव्यावर. तुझ्याकडच्या पुस्तकाची मुदत वाढवता येते, मॅडम वाढवतील. फॉर्म भरायचा. आधी काउंटरला फोन कर.’ खाली नंबर घातला.

आता खरी गोम होती. ती जे लिहील तो प्रत्येक शब्द या नोंदीत असायला हवा. एक जरी वेगळा निघाला, तरी पुन्हा शून्य. तिने आधी लिहिलेले सगळे शब्द घातले. पण ती पुढे काय लिहील? की लिहिणारच नाही? आम्ही दोघं डोकं खाजवत बसलो. मी म्हटलं, “रागाने काहीतरी लिहील. ‘किती वेळा विचारायचं’ वगैरे.”

“ती नाही तशी,” काका म्हणाले. “खुर्ची आत सरकवून जायची रोज. ती माफी मागेल. ‘माफ करा’ घाला. आणि पुस्तक परत पाठवायचं बोलेल. ‘पाठवते’ घाला, ‘आणते’ घाला, ‘देते’ घाला.”

मी ‘जाते’ टाइप केलं. काकांनी जीभ चावली. “अहो मॅडम, निघताना कुणी ‘जाते’ म्हणतं का? ‘येते’ घाला.”

एकशे सोळा शब्द झाले. नोंद जतन केली.

बुधवारी सव्वादोनला आम्ही दोघं काउंटरच्या फोनसमोर. दोन पस्तीस झाले, फोन गप्प. गुरुवारी फोन वाजला, मी झडप घातली. दुसऱ्या टोकाला कुणीतरी वखारीचा पत्ता विचारत होतं. त्या माणसाने माझ्या तोंडून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. काका जेवायला उठले नाहीत. डबा मांडीवर, तसाच बंद. मी म्हटलं, “जेवून घ्या हो, मी आहे इथे.” ते म्हणाले, “मास्तर आले नाहीत ना, तेव्हा मला वाटायचं, ते निघाले असतील आणि त्यांना आमचं घर सापडलं नसेल.” माझा जीव नुसता तुटला. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

शुक्रवार. फॉर्म पाचला बंद होणार होता. सव्वादोन वाजून गेले. दोन वीस. काकांचं लक्ष घड्याळाकडे, माझं काकांकडे. एक मुलगा फटीतून चिठ्ठी सरकवत होता, त्याला मी हातानेच थांबवलं.

दोन बावीसला फोन वाजला.

काकांनी उचलला. पलीकडून काहीच आवाज नव्हता. काका घसा खाकरून म्हणाले, “खिडकीतली ना?”

मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण रडणं काय, कळतंच. काका म्हणाले, “अगं रडू नकोस, वेळ नाही आपल्याकडे. नाही गं, नाही रागावलो. मला दिसलंच नव्हतं बघ. माझं चुकलं. आई कशी आहे?... हं. आता झोपलीय ना, मग पटापट कर. नाव सांग तुझं.” चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना नाव विचारताना ऐकलं. पेन्सिलीने ते त्यांनी तळहातावर लिहून घेतलं.

मी तिच्या पुस्तकाची मुदत वाढवली, फॉर्मला लागतो तो ‘बाकी नाही’चा शेरा दिला. काका फोनवर तिला एकेक पायरी सांगत होते आणि मी काकांना. चार वाजता फॉर्म गेला. पावती क्रमांक तिने वाचून दाखवला, काकांनी तो मला दोनदा म्हणून दाखवला, जसा काही त्यांचाच होता. मग त्यांनी डबा उघडला. दुपारचं जेवण चारला, आणि चवीने.

दुसऱ्या दिवशी मी सापडलेल्या शोधांची यादी काढली. शुक्रवार, दुपारी दोन एकोणीस: ‘काका येते मी. पुस्तक पाठवते. माफ करा.’ १ निकाल. मी ते पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं, अजून आहे.

मुलगी परीक्षेला बसली. पहिल्या वर्गात वगैरे आली नाही, उगाच कशाला फुगवून सांगू. पण सगळ्या विषयांत सुटली. आई काठी घेऊन चालते. काकांच्या खुणा मी सगळ्या पुस्तकांच्या नोंदींत घालतेय. ‘काका’ ही हाक, निळं जाड, मिशीवाले सर, सगळं. नऊ हजार झाली, बत्तीस हजार बाकी आहेत. वापर तिपटीने वाढला आणि प्राचार्य आता तो स्वतःच्या भाषणात सांगतात. सॉफ्टवेअरवाल्या बाई मधे म्हणाल्या, “मॅडम, एक चुकीची नोंद राहिलीय, लेखक ‘आईबाप’. काढून टाकू?” मी म्हटलं, “हात लावून बघा!”

शून्य निकालांची यादी मी आता रोज सकाळी सगळ्यात आधी वाचते. मागच्या आठवड्यात त्यात एक ओळ होती. शोध आमच्याच काउंटरच्या संगणकावरून असावा, कारण वेळ सकाळी साडेनऊची, मुलं यायच्या आधीची. आणि लिहिणाऱ्याने हाक काकांना मारलेली नव्हती.

‘मॅडम आठवीत शाळा सुटली असेल तर दहावीला बाहेरून बसता येतं का. पुस्तकं कुठली लागतील.’

मी उठले. दोन दिवसांत दहावीची पाच पुस्तकं आणि बाहेरून बसायचा फॉर्म मिळवला आणि काउंटरवर गेले. काका पाठमोरे होते, स्टुलाखालची पुठ्ठ्याची घडी बदलत होते. मी काचेच्या या बाजूला, पोरं उभी राहतात तिथे उभी राहिले आणि फॉर्म फटीतून आत सरकवला.

“चिठ्ठी मिळाली, काका,” मी म्हटलं. “उशीर झाला, रागावू नका.”